कड्याखालची येळवस

डिसेंबर अर्धा सरला की नांदेडच्या भाजीबाजारात एक दिवस अचानक हरभऱ्याच्या पाल्याचे ढीग लागतात. शेजारी तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, कांद्याची पात, गाजरं, चिंचा, बोरं. निम्म्या नांदेडला या गर्दीचं कारण ठाऊक नसतं. ते बिचारे नेहमीसारखी मेथीची जुडी घेऊन घरी जातात. पण ढिगापाशी वाकलेल्या बायांत लातूरकडच्या माहेरवाशिणी कोणत्या, हे मी लांबून सांगू शकते. त्या एकेक भाजी तोलून घेत नाहीत. सगळ्यातलं मूठमूठ उचलतात आणि एकाच पिशवीत कोंबतात, कारण त्या सगळ्याची मिळून एकच भाजी व्हायची असते. तिला आम्ही भज्जी म्हणतो, आणि भज्जीची तयारी दिसली म्हणजे येळवस आली.

पंचांगात तिचं नाव वेळा अमावास्या. मार्गशीर्षातली ही अमावास्या आमच्या लातूर जिल्ह्यात दिवाळीच्याही वरची. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी माणसं रानात. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्या टेकवून एक छोटी खोप करतात, तिला कोप म्हणायचं. आत पाच दगड मांडून त्यांना चुना फासायचा. ते पांडव. त्यांची पूजा, मातीची पूजा, मग सगळ्या रानाला फेरी मारत अर्ध्या कानडी आरोळ्या देत आंबील शिंपडायची आणि शेवटी जेवायला बसायचं. भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, आणि लोटीलोटीनं आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण ठेचून घातलेली, दोन दिवस आंबवलेली. ती प्यायली की माणूस तिथंच ज्वारीच्या सावलीत आडवा होतो आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही.

लातूरला त्या दिवशी सुट्टी असते. नांदेडला आमच्या शाळेला नसते. म्हणून दरवर्षी येळवसच्या दुपारी मी नववीच्या वर्गावर भूगोल शिकवत असते आणि तोंडाला पाणी सुटत असतं. पोरांना वाटतं, बाईंना विषयाची फार गोडी आहे.

यंदाही ढीग दिसले. पण अलीकडे असं झालंय की येळवस म्हटली की मला आधी रान आठवत नाही, समुद्र आठवतो. आमच्या सात पिढ्यांत कुणाला आठवला नसेल. याला कारण माझा भाऊ बालाजी.

बालाजी माझ्याहून चांगला चौदा-पंधरा वर्षांनी लहान. आमचं गाव किल्लारीजवळ. तिथं माणसाचं वय विचारलं तर सन सांगत नाहीत; भूकंपाच्या आधीचा की नंतरचा, एवढंच सांगतात. मी आधीची. बालाजी नंतरचा. त्यानं डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला, आणि नेमणूक मिळाली थेट कोकणात, समुद्राच्या कडेच्या एका गावात. आमच्याकडची कितीतरी पोरं अशी तिकडं मास्तर आहेत. ती सगळी एकाच गोष्टीची वाट बघत असतात, बदलीची. बदली झाल्याशिवाय लग्न जमत नाही. मुलीकडचे लोक नकाशात गाव बघतात आणि चहा अर्धा टाकून उठतात. बालाजीच्या बाबतीत हे इतक्यांदा झालं की माय पाहुण्यांना चहा कमीच टाकू लागली होती.

त्याची शाळा सड्यावर, म्हणजे उंच, सपाट, कातळाच्या माळावर. माळ संपतो तिथं सरळ कडा तुटलेला. वर तांबडा जांभा, खाली काळा दगड, आणि अगदी तळाशी वाळूची एक लहानशी पट्टी. तिथं कुणी येत नाही. उतरायला एकच पायवाट, तीही शोधली तर सापडणारी. बालाजी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचा. आम्हाला फोनवर व्हिडिओ पाठवायचा, आणि व्हिडिओ बघून झाला की माय त्याला फोन लावायची.

"वर केवढा दगड हाय रे त्यो."

"माय, पानी बग की. कसं निळं हाय."

"मी दगड बगून ऱ्हायले. तू तितं खाली जात जाऊ नको."

मायचं आणि दगडाचं बिनसलेलं आहे. आमच्या भागातली जुनी घरं दगडमातीची होती, हातभर जाड भिंतींची. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि पिढ्यान्‌पिढ्या उभी म्हणून कुणी त्यांच्याकडं मान वर करून बघतही नसे. त्या पहाटे त्या भिंती पडल्या. मी निलंग्याला मामाकडं शिकायला होते. आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, रानात होते. माय म्हशीला वैरण टाकायला अंगणात आली होती. घरात माझी धाकटी बहीण मंगल झोपली होती, भिंतीच्या कडेला. एवढं सांगितलं तरी पुरे.

त्यानंतर आमच्या घरात मंगलचं नाव निघालं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग नव्या गावठाणात ओळीनं बांधलेलं घर मिळालं, मग बालाजी झाला, आणि नाव तसंच मागं राहिलं. तिचा एखादा फोटोही निघालेला नव्हता. आपल्याला आणखी एक बहीण होती, हे बालाजीला शाळेतल्या पोरांकडून कळलं. त्यानं एकदा मला विचारलं होतं, "अक्का, मंगल कशी व्हती गं?" मी म्हणाले, मायला विचार. त्याची काही हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर माझीही झाली नसती.

मायनं मात्र आपले नियम करून टाकले. ती भिंतीला टेकत नाही. बाज अंगणाच्या मध्यभागी टाकते, पावसाळ्यात दारात, डोकं उंबऱ्याच्या बाहेर. माझ्या नांदेडच्या फ्लॅटवर आली की चपला काढायच्या आधी मान वर करून छत बघते आणि सोफा भिंतीपासून पुढं ओढते. माझे मिस्टर तो परत मागं सरकवतात, ती परत पुढं ओढते. चार दिवस दोघांचा हा मूक व्यवहार चालतो. एकदा मी म्हणाले, "माय, सिमेंटची भित हाय, पडत न्हाई." ती म्हणाली, "माजी बी पडनार नव्हती."

येळवसलाही तिचा तोच बाणा. सगळा स्वयंपाक ती करणार. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीची घागर, डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणार. पण कोपीत शिरणार नाही. पांडवांचे पाच दगड दादा मांडायचे, दादा गेल्यावर चुलतभाऊ मांडू लागला. माय बांधावर उभी राहून मातीला हात जोडायची. दगडाला नाही. गावातल्या बायकांनी पहिली दोन-तीन वर्षं समजूत घातली, मग सोडून दिलं. आमच्याकडं प्रत्येक घरात कुणाचं तरी कशाशी तरी बिनसलेलं होतं.

तर एका वर्षी बालाजीची बदली झाली. निलंगा तालुका मिळाला. गल्लीत पेढे वाटले गेले. त्या रात्रीच त्याचा फोन आला, स्पीकरवर टाकलेला, म्हणून मलाही ऐकू आला. मी तेव्हा माहेरीच होते.

"माय, म्हैनाभरानं मी येनार. त्याच्या आदी तू एकदा हिकडं ये. मी कुटं ऱ्हायलो ते बग तरी."

"तूच येऊन ऱ्हायलास तर मी कशाला येऊ? चुकामूक व्हईल की वाटंत."

"माय, लई वर्सं झाली. एकटाच बसून बगतो मी ते पानी. एकदा तुज्यासंगं बगायचं हाय."

बालाजी हट्टी नाही, मागणारा तर मुळीच नाही. भूकंपानंतर जन्मलेली आमच्याकडची बरीच मुलं अशीच आहेत. आपण कुणाच्या तरी जागी आलो आहोत हे त्यांना फार लवकर कळतं आणि ती फारसं काही मागत नाहीत. त्यामुळं त्यानं मागितलं तेव्हा नाही म्हणणं अवघड झालं. पण मायही माय. ती म्हणाली, "येळवस हाय. मी रान सोडून येत नसते."

"मग येळवस हितंच करू," बालाजी म्हणाला. "मला बी किती सालं गावली न्हाई."

हे वर्मी लागलं. आपला लेक इतकी वर्षं येळवसला डब्यातली पोळीभाजी खातो, ही गोष्ट मायला त्याच्या लग्नापेक्षाही जास्त टोचत होती. नशिबानं त्या साली येळवस रविवारी आली होती. माझीही शाळा फारशी बुडणार नव्हती म्हणून मी पिशवी भरली. शिवाय मला स्वतःला समुद्र बघायचा होता. वीस-बावीस वर्षं मी फळ्यावर समुद्रकडा आणि पुळण यांच्या आकृत्या काढत आले होते, आणि प्रत्यक्षात गोदावरीच्या पलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. पोरांना हे मी कधी कळू दिलं नाही.

प्रवासाचं काय सांगावं. आंबील गाडीत नेऊ नये, ही समज आमच्या घरात कुणालाच नव्हती, कारण आंबील आजवर घर ते रान एवढाच प्रवास करत आली होती. मायनं बिंदगं फुटेल म्हणून ती स्टीलच्या कॅनमध्ये भरली आणि झाकण फडक्यानं गच्च बांधलं. कोल्हापूरला गाडी बदलेपर्यंत आंबील शहाण्यासारखी वागली. घाट लागला आणि आतल्या आत तिचा फेस चढू लागला. एका वळणावर ठप्प असा आवाज झाला. फडकं सैल, झाकण वाकडं, आणि सगळ्या गाडीत आंबूस लसणाचा वास. कंडक्टर नाक धरून मागं आला.

"काय ओ मावशी, दारू हाय व्हय त्यात?"

"देवाची हाय," माय म्हणाली. "घ्या घोटभर."

त्यानं घेतली नाही, तसाच नाक धरून पुढं निघून गेला. मायला मात्र त्याच्याशी वाद घालायला सवड नव्हती. खिडकीबाहेर घाटाची कातळभिंत अगदी हाताशी आली होती. तिनं पदर डोळ्यांवर ओढला, कॅन पोटाशी धरला आणि घाट उतरेपर्यंत मान वर केली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पुढं काय होणार आहे. पण मला भूक लागली होती, आणि भूक लागली की मला फारसं काही कळत नाही.

रविवारी सकाळी आम्ही सड्यावरून चालत निघालो. तिकडची थंडी म्हणजे आमच्याकडचा फाल्गुन. गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा ओलसर, आणि पुढं जमीन एकदम संपलेली. बालाजीच्या खांद्यावर माडाच्या झावळ्यांचा भारा होता. कोकणात कडबा कुठून आणणार, म्हणून कोप झावळ्यांची करायची ठरली होती. माझ्याकडं भज्जी आणि उंड्यांची पिशवी. मायकडं उरलेल्या आंबिलीचा कॅन आणि गावाहून आणलेली ज्वारीची दोन हिरवी ताटं.

कड्याच्या टोकाशी आलो आणि मी समुद्र पाहिला. आकृतीत तो एक नागमोडी रेघ असतो. इथं तो डोळ्यांत मावत नव्हता आणि त्याचा आवाज पायाखालून येत होता. शेजारी बालाजी माझ्याकडं नव्हे, मायकडं बघत होता. इतक्या वर्षांची त्याची इच्छा होती, आता तिचा चेहरा कसा होतो ते त्याला बघायचं होतं.

मायनं समुद्र पाहिला, हात जोडले, म्हणाली, "लई मोटा हाय. बरं झालं दावलास." मग ती एक पाऊल पुढं गेली आणि खाली बघितलं. पायवाट कड्याला चिकटून उतरत होती. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला उभा दगड, आणि तळाशी त्या दगडाच्या पायथ्याला वाळू. पायथ्याशी मोठमोठे धोंडे पडलेले. ते कुठून पडले हे कुणालाही दिसत होतं.

माय गवतात बसली. "तुमी जावा," ती म्हणाली. "मी हितूनच बगते."

"माय, लई भक्कम हाय त्यो. किती पावसाळे बगितलेत त्यानं."

"जा म्हटलं न बाबा."

बालाजीचा चेहरा उतरला. तो समजावत बसला नाही. त्याला बिचाऱ्याला मायचे नियम जन्मापासून पाठ. त्यानं भारा सारखा केला आणि एकटाच उतरू लागला. मी मायजवळ थांबले. मला तिचा राग आला होता, हे कबूल करते. एवढ्या लांब येऊन, गाडीभर आंबील सांडून, शेवटी वरूनच बघायचं, हे मला पटत नव्हतं. पण मायच्या शेजारी बसून तिच्यावर रागावता येत नाही. तिचे पाय गवतात सरळ पसरलेले होते आणि टाचांच्या भेगांत आमच्या रानाची काळी माती अजून तशीच होती.

बालाजी खाली पोचला. वरून तो लहान दिसत होता, शाळकरी पोराएवढा. कोपीसाठी त्यानं जागा धरली ती नेमकी कड्याला लागून, जिथं दगड थोडा पुढं आला होता आणि सावली पडली होती. शहाण्या माणसानं तीच जागा धरली असती. तो वाकून हातानं वाळू सारखी करू लागला. त्याची पाठ आमच्याकडं होती आणि त्याच्या डोक्यावर सगळा कडा.

माय उठून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि घाबरले. ती कड्याच्या काठाशी गेली आणि अंगातलं सगळं बळ एकवटून हाक मारली.

"मंगे. ए मंगल. हाल तितून."

वाऱ्यावर ती हाक गेली. खाली बालाजीनं मान वर केली नाही, वाळू सारखी करत राहिला. मायनं पुन्हा तीच हाक मारली, तेच नाव. तो हलला नाही. ते नाव त्याचं नव्हतंच, तो कशाला हलेल. जे नाव मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं, ते ती समुद्रावर ओरडत होती.

मग ती निघाली. चपला तिथंच सोडल्या, कॅन तिथंच, पदर खोचला आणि उतरू लागली. मी मागोमाग धावले. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही, ती एका हातानं कड्याचा दगड धरत, एका हातानं झुडपं धरत सरसर खाली जात होती. मध्येच वाट वळली तिथं पुढं आलेल्या दगडाखालून वाकून जावं लागलं. ती थांबली नाही. मी मात्र थांबले आणि नंतर निमूट वाकले.

खाली पोचल्यावर तिनं बालाजीचं मनगट धरलं आणि त्याला ओढत ओढत वाळूच्या पार पुढच्या कडेला, पाण्याजवळ नेलं. तो बिचारा झावळी हातात धरूनच तिच्यामागं फरपटत गेला.

"काय करून ऱ्हायलास तितं? अक्कल हाय का न्हाई? दगडाखाली कुनी बसतं का?"

"न्हाई माय."

"मास्तर हाईस न?"

"हाव."

तिला धाप लागली होती. तिनं त्याचं मनगट सोडलं नाही. त्याच्या दंडावर, खांद्यावर, डोक्यावर हात फिरवून पाहिलं, जसं पडलेल्या मुलाला कुठं लागलंय का बघतात. मग लाट आली आणि तिच्या पायांवरून गेली. माय दचकली, खाली पाहिलं. पायाखालची वाळू सरकली तशी तिनं बालाजीला आणखी घट्ट धरलं. आणि मग, मला वाटतं पहिल्यांदाच, तिच्या ध्यानात आलं की आपण कुठं येऊन उभ्या आहोत.

बालाजी वर जाऊन चपला आणि राहिलेलं सगळं सामान घेऊन आला.

कोप कुठं करायची यावर पंचाईत झाली. माय कड्याकडं जायला तयार नव्हती. ती पाण्याजवळची जागा दाखवत होती. बालाजी म्हणाला, "माय, भरती चढायलीय. दुपारपस्तोर हे सगळं पान्यात जातंय."

"जाऊ दे. पानी येताना दिसतंय तरी."

आम्ही पाण्याजवळच झावळ्या रोवल्या, ज्वारीची ताटं लावली. मी लाटेच्या कडेचे पाच गुळगुळीत दगड वेचून आत मांडले. चुना नव्हता, हळदकुंकू लावलं. माय नेहमीसारखी बाहेर उभी राहिली आणि वाळूला हात जोडले. बालाजीनं आंबील शिंपडत समुद्राच्या कडेनं धावत फेरी मारली, आमच्या त्या अर्ध्या कानडी आरोळ्या देत. त्या किनाऱ्यावर तसल्या आरोळ्या पहिल्यांदाच उठल्या असतील. वर झाडीतले बगळे उडाले.

आता एक गंमत. अमावास्येला उधाणाची भरती येते, इतर दिवसांपेक्षा मोठी, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत काढते. आणि येळवस ही अमावास्याच असते, हेही मला जन्मापासून माहीत. पण ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात कधी एकत्र आली नव्हती. रानातल्या सणाचा समुद्राशी काय संबंध, अशीच माझी समजूत असावी. आम्ही जेवायला बसतो न बसतो तोच पाणी कोपीत शिरलं. एक झावळी कलली. दुसऱ्या लाटेनं पांडव हलले, तिसरीनं दिसेनासे झाले. ज्वारीची ताटं तरंगत निघाली.

मी हळहळले. माय मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागली. "गेले वनवासाला," ती म्हणाली.

मग आम्ही मागं सरकलो. चादर ओढली, ताटल्या उचलल्या, बसलो. दोन घास खाल्ले की पाणी पुन्हा पायाशी. पुन्हा चादर ओढायची. मायनं भज्जीत उंडा कुस्करावा आणि लाट यावी, तिनं ताटली उचलून पुढचा घास मागच्या जागी जाऊन घ्यावा. इतकं हसत आम्ही कधी जेवलो नव्हतो. एकदा बसता बसता तिनं वाळू मुठीत घेतली, म्हणाली, "ही आपल्या नदीवानी न्हाई गं."

"हिच्यात त्या दगडाचंच पीठ हाय, माय. वरून पडतंय, समुद्र दळतोय."

"इतकं बारीक?"

"लई वर्सं लागतेत."

तिनं मूठ सोडली आणि हात पदराला पुसला.

वाळूची पट्टी होती तेवढीच. समुद्र पुढं येत गेला आणि आम्ही मागं जात गेलो, जेवणाच्या नादात, हसण्याच्या नादात. शेवटी पाणी थांबलं. म्हणजे तिथून पुढं आलं नाही. आम्ही दमलो होतो, पोटं भरली होती, आंबील चढू लागली होती. मायनं पाय पसरले, एक लांब सुस्कारा टाकला आणि मागं टेकली.

मागं कडा होता.

मी बालाजीकडं पाहिलं. बालाजी माझ्याकडं पाहत होता. माझ्या तोंडावर आलं होतं की माय, बघ बघ. मास्तरकीची खोड, दुसरं काय. बालाजीनं नुसती मान हलवली, नको. मी ओठ मिटले. मायची पाठ त्या काळ्या दगडाला लागली होती, डोकंही हळूहळू मागं गेलं. कड्यावरून पुढं आलेलं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. ती झोपलेली नव्हती, डोळे उघडे होते, समुद्राकडं लागलेले. तिला कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. इतकी वर्षं अंगणाच्या मध्यभागी ताठ झोपणाऱ्या माझ्या मायला मी पहिल्यांदा कशाला तरी टेकलेली पाहत होते, आणि मला रडू येत होतं.

बराच वेळ नुसती लाट येत होती आणि जात होती. मग बालाजी बोलला. मला वाटत होतं, वरून मारलेली ती हाक त्याला ऐकूच गेली नाही. ती ऐकू गेली होती. दोन्ही वेळा. तो मायकडं न बघता, वाळूत बोटानं रेघा काढत म्हणाला,

"माय, मंगल कशी व्हती?"

मला वाटलं, आता ती उठेल, ताटल्या गोळा करील, निघा म्हणेल. मायनं पदराचं टोक हातात घेतलं, बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुज्यावानीच व्हती," ती म्हणाली. "नको म्हटलेल्या जागी आदी जाऊन हुबी."

बालाजीची बोटं थांबली.

"आंबील आवडायची न्हाई तिला. नाक दाबून प्यायची. मी बळंच पाजायचे. पिऊन झाली की माज्याच पदराला तोंड पुसायची आनि पळायची." माय थोडी हसली. "ह्या अक्काची वेनी वढायची. ही रडायची, आनि मार हिलाच बसायचा."

"अजून सांग," बालाजी म्हणाला.

मायनं पाठ दगडाला नीट लावून घेतली आणि सांगू लागली. समुद्र ओहोटीला लागला, वाळू पुन्हा मोकळी झाली, तरी ती सांगतच होती. तिशीतला माझा भाऊ तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. त्याला त्या दुपारी आणखी एक मोठी बहीण झाली.